फळी सपाट करणे : रंध्याचा पहिला पाठ

सुतारकामाच्या तासाला प्रथमच येणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात काहीतरी घडवण्याची उत्सुकता असते. पाट करावा, पुस्तकांसाठी मांडणी करावी, सुट्टीत घरी नेऊन आईला दाखवता येईल अशी एखादी पेटी करावी, असे त्याला वाटत असते. प्रत्यक्षात त्याच्यापुढे एक खरबरीत, किंचित वाकलेली फळी ठेवली जाते, हाती रंधा दिला जातो आणि एवढेच सांगितले जाते की ही फळी सपाट करायची आहे. दोन-तीन दिवस घाम गाळूनही फळी सपाट होत नाही, उलट पहिल्यापेक्षा अधिक वाकडी दिसू लागते, तेव्हा अनेकांचा उत्साह मावळतो. प्रस्तुत लेख त्या दोन-तीन दिवसांविषयी आहे. स्मरणिकेत आठवणी, मनोगते आणि सत्कारांचे वृत्तान्त असतातच. त्यांच्या शेजारी एखादा पाठही असावा, आणि जे माजी विद्यार्थी आज स्वतःच्या घरी हत्यार धरू इच्छितात त्यांच्या तो उपयोगी पडावा, एवढाच हेतू.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. गुळगुळीत आणि सपाट हे दोन शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो. सुताराच्या दृष्टीने ते निरनिराळे आहेत. पॉलिश-कागद घासून कोणतीही फळी गुळगुळीत होते. पण तिच्यात पीळ असेल तर तो तसाच राहतो, फक्त हाताला लागत नाही. सपाट फळी म्हणजे जिच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवली असता पट्टीखालून उजेड दिसत नाही ती. असा एक पृष्ठभाग मिळाल्यावरच पुढची सर्व मापे त्याच्यावरून घेता येतात. गुण्या त्यालाच टेकवायचा असतो, जाडीची रेघ त्याच्यावरूनच ओढायची असते, चूल आणि साल त्याच्याच आधारे आखायची असते. हा आधारच चुकीचा असेल तर पुढचे प्रत्येक माप प्रामाणिकपणे चुकते. चार पायांचे टेबल डुलते तेव्हा दोष बहुधा पायांच्या लांबीत नसतो. तो फळीत राहून गेलेल्या पिळात असतो.

एवढ्या साध्या कृतीला डोळखांबच्या परिसरात महत्त्व का द्यावे, असा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. बाजारात प्लायवूड मिळते, तयार टेबल मिळते. परंतु शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील गावांत गेल्या काही वर्षांत जे घडताना दिसते त्याकडे लक्ष द्यावे. कुडाची, कौलारू घरे पाडून सिमेंटची घरे उभी राहात आहेत, आणि हे चांगलेच आहे. मात्र त्या जुन्या घरांतील सागाच्या तुळया, दाराच्या फळ्या, ऐनाचे वासे भंगाराच्या भावाने जातात किंवा चुलीत जातात. दोन पिढ्या सुकलेले लाकूड घराबाहेर जाते आणि त्याच घरात भुश्याच्या दाबलेल्या पाट्यांचे कपाट येते, जे कोकणच्या दोन-तीन पावसाळ्यांत फुगते. याचे कारण केवळ गरिबी नव्हे. त्या वाकड्या, खिळे ठोकलेल्या, काळवंडलेल्या फळीतून काय निघू शकते हे पाहणारा डोळा आणि ते काढणारा हात घरात नसतो. रंधा धरता येणाऱ्या एका मुलीने किंवा मुलाने हे चित्र त्या घरापुरते बदलते.

यात आणखीही एक गोष्ट आहे, जी आपल्या समाजाच्या स्मरणिकेत सांगितली पाहिजे. गावगाड्यात सुतारकी हे बलुते होते आणि बलुते जन्माने मिळत असे. ज्यांच्या वाट्याला ती हत्यारे आली नाहीत त्यांनी ती शिकायची नव्हती, आणि ज्यांच्या वाट्याला आली त्यांना दुसरे काही करायची सहसा मोकळीक नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेले आणि परिषदच रद्द झाल्याने १९३६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केलेले भाषण अनेकांनी वाचले असेल. जन्मावरून धंदा ठरला की माणसाची आवड आणि क्षमता यांना जागा उरत नाही, हा त्यातील एक प्रमुख मुद्दा आहे. आमच्या कार्यशाळेत वारली, ठाकूर, कातकरी, बौद्ध आणि कुणबी घरांतील मुले एकाच टेबलावर, एकाच दगडावर पाते घासतात. याचा गाजावाजा करण्याचे कारण नाही. पण ही गोष्ट फार जुनी नाही, हेही विसरू नये.

सुताराला मान देणारी परंपरा मात्र याच भूमीत जुनी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका ब्राह्मी शिलालेखात धेनुकाकट येथील सामी नावाच्या वढकीचे, वेणुवासाच्या पुत्राचे नाव आहे; दाराचे काम त्याने केल्याचा तो उल्लेख आहे. वढकी म्हणजे सुतार. हिंदीतील बढई हा शब्द त्याच कुळातला. त्याच चैत्यगृहाच्या छताला सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी आजही आहेत. दगडात कोरलेल्या छताला लाकडी कमानींची भार पेलण्यासाठी गरज नव्हती. लाकडी इमारतींची सवय झालेल्या डोळ्यांना त्या हव्या होत्या म्हणून त्या बसवल्या. सहलीला लोणावळ्याकडे जाणाऱ्या शाळांनी मुलांना मान वर करून त्या अवश्य पाहायला लावाव्यात.

आता मूळ विषयाकडे वळू.

फळी रंधण्याआधी ती वाचावी लागते. मज्झिम निकायातील अनङ्गण सुत्तात एक लहानसा प्रसंग येतो. समिती नावाचा रथकाराचा मुलगा चाकाच्या पाटाचे लाकूड तासत असतो आणि पूर्वी त्याच धंद्यातील घरात जन्मलेला पंडुपुत्र नावाचा आजीवक शेजारी उभा राहून पाहात असतो. त्या लाकडातील कोणता बाक, कोणता पीळ आता निघायला हवा हे त्याच्या मनात येते, आणि कारागीर नेमका तोच काढतो. महामोग्गल्लान स्थविरांनी सारिपुत्त स्थविरांना सांगितलेल्या या दृष्टान्ताचा धम्मातील अर्थ वेगळा आहे. पण सुतारकामाच्या शिक्षकाला त्यात एक सरळ गोष्ट दिसते. बघ्यालाही दोष कुठे आहे ते दिसत होते. नवशिक्याची अडचण बहुधा हाताची नसते, डोळ्याची असते. तो दिसेल तिथे रंधा चालवतो.

फळीचे दोष मुख्यतः तीन. लांबीत धनुष्यासारखा वाक येतो, त्याला आपण बाक म्हणू. रुंदीत पन्हळीसारखा खोलगटपणा येतो. आणि एका टोकाच्या मानाने दुसरे टोक फिरलेले असते, तो पीळ. खोलगटपणा का येतो हे एकदा समजले की तो ओळखणे सोपे जाते. लाकूड सुकताना आक्रसते, पण सर्व दिशांनी सारखे नाही. लांबीत ते जवळजवळ आक्रसतच नाही. वार्षिक वलयांच्या वळणाच्या दिशेने मात्र ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या सुमारे दीड ते दोन पट आक्रसते. म्हणून ओंडक्याच्या कडेने कापलेली फळी सुकताना तिची वलये जणू सरळ होऊ पाहतात आणि सालीकडची बाजू खोलगट होते. फळीच्या टोकाकडे पाहून वलयांची कमान कोणत्या बाजूला आहे हे विद्यार्थ्याने आधी सांगावे आणि मगच पट्टी लावून तपासावे. अंदाज खरा ठरला की त्याला जो आनंद होतो तो विज्ञानाच्या तासाला क्वचित होतो.

बाक आणि खोलगटपणा पट्टीने कळतो. पीळ पट्टीने लवकर कळत नाही. त्यासाठी दोन सरळ पट्ट्या लागतात, कडा समांतर असलेल्या, एक गडद आणि एक फिकट रंगाची असेल तर उत्तम. एक फळीच्या जवळच्या टोकावर आडवी ठेवायची, दुसरी लांबच्या टोकावर, आणि खाली वाकून, एक डोळा मिटून, जवळच्या पट्टीच्या वरच्या कडेवरून लांबच्या पट्टीची कड पाहायची. दोन्ही कडा एकमेकींशी समांतर दिसल्या तर पीळ नाही. लांबची पट्टी एका बाजूला वर उचललेली दिसली तर तो कोपरा उंच आहे, आणि त्याच्या कर्णातील जवळचा कोपराही उंच आहे. पट्ट्या फळीच्या रुंदीच्या दुप्पट लांब घ्याव्यात. फळी ८ इंच रुंद आणि पट्टी १६ इंच असेल तर पट्टीच्या टोकाशी पीळ दुप्पट मोठा दिसतो. डोळ्याला न दिसणारी चूक दिसू लागते. सुतारकामाच्या साऱ्या साधनांत इतक्या स्वस्तात इतके काम करणारे दुसरे साधन मला ठाऊक नाही.

दोष वाचून झाला की रंध्याआधी करवत. हा मुद्दा नवशिके हमखास विसरतात. समजा ६ फुटी, २५ मि.मी. जाडीची फळी आहे आणि तिच्या मध्यभागी ३ सूत बाक आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ३ सूत म्हणजे साडेनऊ मि.मी. ही अख्खी फळी दोन्ही बाजूंनी सरळ केली तर हाती सुमारे १५ मि.मी. जाडी उरेल. पण आपल्याला २ फुटी तीन तुकडे हवे असतील तर आधी ते कापावेत. वाक एकसारखा असेल तर तो लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. लांबी एक तृतीयांश, म्हणून बाक एक नवमांश, म्हणजे जेमतेम १ मि.मी.! प्रत्येक तुकड्यातून २४ मि.मी. जाडीची फळी निघते. पीळ मात्र वर्गाने नव्हे, सरळ प्रमाणात कमी होतो. एक तृतीयांश लांबीला एक तृतीयांश. दहावीच्या गणिताचा इतका रोख उपयोग वर्गात फळ्यावर दाखवता येत नाही.

लाकडाची निवड या लेखाचा मुख्य विषय नाही, तरी आपल्या भागापुरते थोडे सांगतो. शिकण्यासाठी शिवण उत्तम. हलकी, फारशी न वाकणारी, रंध्याला मवाळ. हेदूही चांगला, पिवळट आणि बारीक पोताचा. फणस चालतो. आंबा स्वस्त, पण त्याला कीड लवकर लागते आणि धागे केसाळ उठतात. ऐन आणि शिसव यांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. ते नवशिक्याला देऊ नयेत. खैर तर मुळीच नाही. साग रंधायला सुखद, पण त्याच्यात सिलिका असते आणि ती पात्याची धार खाते. साग रंधताना दगडाकडे वारंवार जावे लागते. जुन्या घराचे लाकूड वापरायचे तर बिघडलेल्या स्पीकरमधील लोहचुंबक दोरीला बांधून फळीवरून फिरवावे. लपलेला खिळा तो दाखवतो. आणि ताजे लाकूड कितीही मोहक असले तरी थांबावे : इंचभर जाडीला वर्षभर, हा सुकवण्याचा जुना ढोबळ नियम आहे. रानातील किंवा शेताच्या बांधावरील झाड तोडण्याला आणि लाकूड वाहून नेण्याला वन खात्याची परवानगी लागते, हे पालकांना सांगण्याची गरज नसावी, तरीही सांगून ठेवतो.

आता पाते. बोथट पात्याने फळी सपाट करण्याचा प्रयत्न म्हणजे शक्तीचा निव्वळ अपव्यय आहे, आणि मुलांचा उत्साह मावळण्याचे पहिले कारण हेच. पात्याचा उतार साधारण २५ अंशांचा असतो आणि धारेच्या अगदी टोकाशी ३० अंश ठेवले तर धार टिकते. कुरुंदाच्या दगडाची जाडी बाजू, मग बारीक बाजू, तेलाचे किंवा पाण्याचे दोन थेंब. उताराच्या बाजूने इतके घासायचे की पात्याच्या पाठीवर बोट फिरवले असता धारेलगत उलटलेला बारीक कंगोरा संपूर्ण रुंदीभर लागावा. तो लागला नाही तर धार झालेली नाही, मग कितीही वेळ गेलेला असो. नंतर पाते पाठीवर सपाट ठेवून तो कंगोरा काढायचा आणि चामड्याच्या पट्ट्यावर परजायचे. शिवणीच्या तुकड्याचे टोक, म्हणजे धाग्यांना आडवा छेद, त्या पात्याने हाताने कापून पाहावा. चकाकता काप आला तर पाते तयार. बोटावर धार पाहण्याची सवय मुलांना लावू नये.

लोखंडी रंध्यात पाते ४५ अंशांत कललेले असते आणि त्याच्या पाठीवर दुसरे एक लोखंडी पान असते. या दुसऱ्या पानाचे टोक धारेपासून सुमारे १ मि.मी. मागे ठेवावे, शेवटच्या बारीक हातांसाठी त्याहून जवळ. ते निघालेले सालपट लगेच मोडते आणि लाकूड पुढे फाटत जाण्यापासून वाचवते. आज आपण वापरतो तो स्क्रूने पाते खालीवर करण्याचा रंधा अमेरिकेतील लिओनार्ड बेली याच्या रचनेवरून आला. स्टॅनली कंपनीने त्याचा व्यवसाय १८६९ मध्ये विकत घेतला. आपल्याकडील लाकडी रंध्यात पाचर असते आणि पाते हातोडीच्या हलक्या टोल्यांनी बसवतात. ते शिकायला वेळ लागतो, पण जुन्या सुताराच्या घरी असा रंधा पडून असेल तर तो टाकाऊ समजू नये.

रंध्याची लांबी ही सोय नसून त्यामागे तत्त्व आहे. १४ इंची रंधा सुरुवातीच्या जाड कामासाठी, २२ इंची सपाट करण्यासाठी, ९ ते १० इंची शेवटच्या सफाईसाठी. लांब तळ उंचवट्यांवर टेकतो आणि खड्ड्यांवरून तरंगत जातो. म्हणून तो फक्त उंचवटेच कापतो. छोटा रंधा खड्ड्यात उतरतो आणि खड्डा अधिक खोल करतो. मुलांना छोटा रंधा हलका म्हणून आवडतो, पण सपाट करायला तो देऊ नये. एकच रंधा घेणे शक्य असेल तर १४ इंची घ्यावा.

फळी टेबलावर कशी ठेवायची? खोलगट बाजू खाली. मग ती दोन कडांवर स्थिर बसते आणि वरचा फुगवटा काढता येतो. पीळ असेल तर ती दोन कोपऱ्यांवर डुलेल; जे दोन कोपरे टेबलाला टेकत नाहीत त्यांच्याखाली पातळ पाचरी सरकवाव्यात, दोन्हीकडे सारख्या, म्हणजे एकाच कोपऱ्यातून सारे लाकूड जाणार नाही. पातळ फळीच्या मध्याखालीही आधार द्यावा. नाहीतर ती रंध्याखाली दबते, आपण सपाट झाली असे समजतो आणि हात उचलताच ती पुन्हा फुगते. शिकंजा नसला तरी अडत नाही. भिंतीला टेकवलेले जड टेबल आणि त्याच्या टोकाला ठोकलेली, फळीपेक्षा पातळ अशी आडवी पट्टी पुरते. पारंपरिक सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड धरत आला आहे आणि त्याचे कौशल्य वादातीत आहे. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलांना उभे राहूनच शिकवावे असे माझे मत आहे. पाय पात्यापासून दूर राहतात आणि कंबरेचा जोर वापरता येतो.

पहिले हात लांबीच्या दिशेने मारायचे नाहीत, हे ऐकून सर्वांना आश्चर्य वाटते. ते रुंदीच्या दिशेने, धाग्यांना आडवे मारायचे. आडव्या दिशेने धागे सहज सुटतात, जाड सालपट कमी जोरात निघते आणि उंचवटा लवकर जातो. यासाठी पात्याची धार अगदी किंचित गोलसर असावी, म्हणजे कोपरे लाकडात रुतत नाहीत. पलीकडची कड मात्र फुटते. म्हणून त्या कडेचा कोपरा आधीच थोडा मारून घ्यावा किंवा रंधा कडेच्या अलीकडे थांबवावा. पीळ असेल तर दोन उंच कोपऱ्यांपासून सुरुवात, पाच-सहा हात इकडे, पाच-सहा हात तिकडे, आणि पुन्हा पट्ट्या ठेवून पाहणे. मग तिरपे हात, एकदा या कर्णाच्या दिशेने, एकदा त्या. या टप्प्यावर फळी ओबडधोबड आणि नांगरलेल्या शेतासारखी दिसते. दिसू द्यावी. पट्टीखालचा उजेड गेला असेल तर ती सपाट आहे. गुळगुळीतपणा नंतर येतो.

लांबीच्या दिशेने वळल्यावर नवशिक्याची खरी परीक्षा सुरू होते. जवळजवळ प्रत्येकाच्या फळीची दोन्ही टोके उतरतात आणि मध्य उंच राहतो. कारण असे की रंधा फळीवर चढताना त्याचा मागचा भाग हवेत असतो आणि उतरताना पुढचा. हाताचा दाब सर्वत्र सारखा ठेवला तर दोन्ही टोकांशी रंधा डोके खाली घालतो. म्हणून सुरुवातीला भार पुढच्या मुठीवर, मध्यात दोन्हींवर, शेवटी मागच्या मुठीवर. हे सांगणे सोपे आहे. शरीरात उतरायला आठवडा लागतो. तोवर एक युक्ती उपयोगी पडते. टोकापासून इंचभर आत सुरू करायचे आणि दुसऱ्या टोकाच्या इंचभर अलीकडे थांबायचे. असे करत राहिल्यास मध्य हळूहळू किंचित खोल होतो आणि एक वेळ अशी येते की लांब रंधा चालतो, पण सालपट निघत नाही. तेथे थांबायचे. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन किंवा तीन अखंड हात. अखंड, संपूर्ण लांबीचे सालपट निघाले की फळी त्या रेषेत सरळ झाली. येथे हावरटपणा करू नये. चौथा आणि पाचवा हात पुन्हा टोके उतरवतो.

धाग्यांची दिशा फळीच्या कडेवरून पाहावी. मांजराच्या पाठीवरून हात फिरवण्यासारखे आहे. एका दिशेने लव बसते, दुसऱ्या दिशेने उभी राहते. कडेवर धागे ज्या दिशेने वर चढत जातात त्या दिशेने रंधा चालवावा. पृष्ठभाग फाटू लागला तर जोर वाढवू नये, फळी फिरवावी. गाठीजवळ दोन्ही दिशा उलट्या असतात, तेथे ताजी धार आणि अगदी पातळ सालपट हाच उपाय. तळाला मेणबत्तीच्या दोन रेघा ओढल्या की रंधा इतका हलका चालतो की मुले प्रथम हसतात. रंधा आडवा ठेवावा की उभा, यावर जुन्या शिक्षकांत फार कडक मते आढळतात. लाकडी टेबलावर तळावर ठेवला तरी बिघडत नाही, सिमेंटच्या जमिनीवर मात्र कधीही नाही, एवढे पाळले तरी पुष्कळ.

एक बाजू सपाट झाली की तिच्यावर पेन्सिलीने खूण करावी. आता ती आधाराची बाजू. तिला गुण्या टेकवून एक कड काटकोनात आणावी, तिलाही खूण करावी. मग आधाराच्या बाजूवरून चारही कडांवर जाडीची रेघ ओढावी आणि दुसरी बाजू त्या रेघेपर्यंत उतरवावी. नंतर रुंदी, शेवटी लांबी. हा क्रम बदलण्यात काही फायदा नाही.

येथे यंत्राचा प्रश्न येतो. शहापूरला किंवा मुरबाडला मिलमध्ये फळ्या नेऊन काही मिनिटांत रंधून आणता येतात, मग हा खटाटोप कशासाठी? यंत्राला माझा विरोध नाही. व्यवसाय करणाऱ्याने ते वापरावेच. पण एक गोष्ट पालकांनी जाणून घ्यावी, कारण तिच्यामुळे पुष्कळांचे लाकूड वाया जाते. जाडी काढणाऱ्या यंत्रात फळी रुळांखाली दाबली जाते आणि वरून कापली जाते. दाबताना तिचा बाक तात्पुरता जातो, बाहेर पडताच परत येतो. पिळाचेही तेच. खालची बाजू जशी वाकडी, तशीच वरची बाजू, आणि मधली जाडी मात्र अगदी सारखी. फळी गुळगुळीत होते, सपाट होत नाही. यंत्रात घालण्याआधी एक बाजू सपाट करावीच लागते, मग ती दुसऱ्या यंत्रावर असो वा हाताने. हाताने एक बाजू करून मिलला पाठवलेली फळी आणि तशीच पाठवलेली फळी यांतील फरक टेबलावर ठेवून पाहिला की वाद उरत नाही. ज्याने हाताने एकदा पीळ काढला आहे तोच यंत्रावरील माणसाला काय हवे ते नेमके सांगू शकतो.

माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना घरी आरंभ करायचा आहे त्यांनी १४ इंची रंधा, दुहेरी कुरुंदाचा दगड, गुण्या, एक मीटरची खात्रीची पट्टी, करवत आणि हातोडी एवढ्यावर सुरुवात करावी. दोन पिळाच्या पट्ट्या स्वतःच रंधून तयार कराव्यात. तोच पहिला अभ्यास. पहिल्या महिन्यात वस्तू करू नये. दीड फूट लांब आणि ५-६ इंच रुंद शिवणीचा एक तुकडा घ्यावा, सपाट करावा, दुसरी बाजू समांतर करावी, मग मुद्दाम अर्धा सूत खाली जाऊन पुन्हा करावा. तुकडा पापुद्र्याइतका उरेपर्यंत.

शेवटी, सपाट झालेली फळी ठेवायची कशी, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. रंधल्यावर आतील, कमी-अधिक ओलसर लाकूड उघडे पडते, आतला ताण सुटतो आणि फळी रात्रीत हलू शकते. म्हणून दोन्ही बाजूंनी साधारण सारखे लाकूड काढावे, शेवटच्या मापाला थोडे शिल्लक ठेवून फळी आठ-दहा दिवस तशीच ठेवावी आणि मग अखेरचे हात मारावेत. ती जमिनीवर पालथी टाकू नये. खालची बाजू दमट आणि वरची कोरडी राहिली की खोलगटपणा परत येतो. सारख्या जाडीच्या पट्ट्या मध्ये घालून, दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी, भिंतीपासून दूर रचावी. डोळखांबच्या पावसाळ्यात मृगापासून अश्विनापर्यंत लाकूड हवेतले पाणी पीत असते, आणि चैत्र-वैशाखात तेच परत देते. उन्हाळ्यात रंधलेली फळी श्रावणात रुंदीत फुगणार हे धरूनच चौकटीत तिला जागा सोडावी. कार्यशाळेतील प्रत्येक फळीच्या टोकावर आम्ही रंधल्याचा महिना पेन्सिलीने लिहितो आणि पुढच्या श्रावणात त्याच फळीवर पुन्हा दोन पट्ट्या ठेवून पाहतो.